मानपत्रात काम लिहा : कॅड संशोधकांच्या सन्मानाबाबत अभियांत्रिकी अकादमीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि पुरस्कार निवड समितीचे सन्माननीय सदस्य,
भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी,
गुरुग्राम.

विषय : संगणक-साहाय्यित अभियांत्रिकी डिझाइनमधील संशोधकांचा सन्मान

महोदय,

सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या अभियांत्रिकी डिझाइनच्या, म्हणजे ज्याला सगळे कॅड म्हणतात त्याच्या, सॉफ्टवेअरवर पुण्यात नोकरीची बहुतेक वर्षे घालवलेला मी एक निवृत्त अभियंता आहे. कोणत्याही संस्थेच्या किंवा कंपनीच्या वतीने मी हे पत्र लिहीत नाही. माझ्या आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. या क्षेत्रातील संशोधनासाठी अकादमीने एक स्वतंत्र सन्मान सुरू करावा, ही पहिली. दुसरी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते : त्या सन्मानाच्या मानपत्रात संबंधित व्यक्तीने किंवा चमूने नेमका कोणता प्रश्न सोडवला आणि तो कसा सोडवला, हे कोणाही पदवीधर अभियंत्याला समजेल अशा भाषेत लिहिले जावे.

स्वतंत्र सन्मान कशासाठी, असे आपण विचाराल. अकादमीची रचना स्थापत्य, यांत्रिकी, संगणक, विद्युत अशा शाखांनुसार विभागांची आहे आणि ती योग्यच आहे. परंतु कॅडचे काम या विभागांच्या सीमेवर पडते. यांत्रिकी विभागाला ते संगणकाचे काम वाटते, संगणक विभागाला ती यंत्राच्या चित्रकारीची सोय वाटते, आणि गणितज्ञांच्या दृष्टीने वक्र व पृष्ठभागांचे हे गणित जरा जास्तच उपयोजित असते. सीमेवरचे शेत जसे दोन्ही गावांच्या नोंदीतून सुटते, तसे या संशोधकांचे होते. यात कोणाचा आकस नाही, पण परिणाम तोच होतो.

जगात या क्षेत्रासाठी सन्मान नाहीत असे नाही. संगणक-चित्रणाच्या क्षेत्रातील स्टीव्हन कून्स पुरस्कार १९८३ पासून दिला जातो. तो पहिल्यांदा आयव्हन सदरलँड यांना मिळाला, ज्यांनी १९६३ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढण्याची आणि त्या रेषांना ‘या दोन समांतर राहतील, या दोन समान लांबीच्या राहतील’ अशा अटी घालण्याची सोय करून दाखवली. १९८५ मध्ये तोच पुरस्कार रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांना मिळाला. पुढे घन-प्रतिरूपणाच्या, म्हणजे संगणकात घनवस्तूचे वर्णन उभे करण्याच्या, संशोधकांच्या संघटनेने बेझिए यांच्याच नावाने पुरस्कार सुरू केला. त्या पुरस्काराच्या मानकऱ्यांमध्ये एक नाव असे आहे की त्याच्यावर जरा थांबावेसे वाटते, कारण माझ्या दुसऱ्या विनंतीचे मूळ तिथे आहे.

पॉल द कास्तेल्जो १९५८ मध्ये सीत्रोएन या मोटार कंपनीत गणितज्ञ म्हणून रुजू झाले. मोटारीचा बाह्य आकार त्या काळी कुशल कारागिरांनी घडवलेल्या लाकडी नमुन्यावरून ठरे, आणि तो आकार साचे कापणाऱ्या यंत्राला अंकांत सांगण्याची काही रीत नव्हती. द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये जी रीत मांडली ती सांगायला अगदी सोपी आहे. काही मोजके बिंदू घ्यायचे, लागोपाठच्या बिंदूंना जोडणारा प्रत्येक रेषाखंड एकाच गुणोत्तरात विभागायचा, विभागणीतून मिळालेल्या बिंदूंवर तीच क्रिया पुन्हा करायची, आणि शेवटी एकच बिंदू उरला की तो वक्रावरचा बिंदू. गुणोत्तर शून्यापासून एकपर्यंत सरकवत नेले की पूर्ण वक्र मिळतो. या रीतीत प्रत्येक पायरीवर फक्त दोन संख्यांची भारित सरासरी काढली जाते, त्यामुळे संगणकाच्या अपुऱ्या अचूकतेतून येणारी चूक फुगत जात नाही. आजही जगातल्या कोणत्याही कॅड प्रणालीत, आणि आपण ज्या अक्षरांत हे पत्र वाचत आहात त्यांच्या टंकामागेही, याच घराण्याचे वक्र आहेत.

सीत्रोएनने हे काम गुपित ठेवले. रेनॉमध्ये बेझिए साठच्या दशकात वेगळ्या वाटेने त्याच वक्रांपर्यंत पोहोचले. त्यांना आपले काम प्रसिद्ध करता आले आणि वक्रांना त्यांचे नाव मिळाले. द कास्तेल्जो यांचे अंतर्गत अहवाल जर्मन गणितज्ञ वोल्फगांग ब्योम यांच्या हाती १९७५ मध्ये लागले, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले की हे आधीच झालेले होते. बेझिए यांच्या नावाचा पुरस्कार द कास्तेल्जो यांना २०१२ मध्ये देण्यात आला. तेव्हा त्या कामाला त्रेपन्न वर्षे झाली होती. ते स्वतः २०२२ मध्ये निवर्तले. सन्मान हयातीत मिळाला हे खरे, पण त्यासाठी दुसऱ्या एका संशोधकाच्या हाती योगायोगाने लागलेल्या कागदांवर अवलंबून राहावे लागले. बेझिए यांची थोरवी याने कमी होत नाही. त्यांनी आपली प्रणाली कारखान्यात प्रत्यक्ष चालवून दाखवली आणि ती जगापुढे मांडली, हे काम गणिताहून कमी अवघड नाही. प्रश्न आपल्यासारख्या निवड समित्यांचा आहे : प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांपलीकडचे काम ओळखण्याची आपल्याकडे रीत आहे का?

आपल्याकडे या विषयात काम झालेच नाही, असा एक समज सभा-परिसंवादांत ऐकू येतो. भारतात परदेशी सॉफ्टवेअर वापरले जाते आणि परदेशी कंपन्यांसाठी लिहिले जाते, एवढेच त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन अर्धवट आहे. एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचा उल्लेख अभियंत्यांच्या तोंडी जवळजवळ येत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या काळी सॉफ्टवेअर विकास आणि संगणन तंत्राचे एक राष्ट्रीय केंद्र होते. १९८५ मध्ये त्यातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वतंत्र संस्था झाली आणि २००३ मध्ये ती सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत विलीन झाली. तेथील एस. पी. मुदूर आणि पी. ए. कोपरकर यांचा एक शोधनिबंध १९८४ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संगणक-चित्रणविषयक नियतकालिकात आला. भौमितिक वस्तूंच्या प्रक्रियेसाठी अंतराल-पद्धती, असा त्याचा विषय होता. कॅडमधला सर्वांत चिवट प्रश्न म्हणजे दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांना कुठे छेदतात हे शोधणे. पाइपला पाइप जोडायचा, पात्यात भोक पाडायचे, दोन भागांची गाठ घालायची, काहीही करायचे म्हटले तरी ही छेदरेषा लागते. ती शोधण्याच्या सोप्या रीती कुठून तरी सुरुवात करून पुढे सरकत जातात, आणि एखादे लहानसे वेटोळे नजरेतून निसटले तर त्याचा पत्ताही लागत नाही. मुदूर-कोपरकर यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. पृष्ठभागाच्या एका तुकड्यासाठी सहनिर्देशकांची एकेक किंमत काढण्याऐवजी त्यांनी किमतींची मर्यादा काढली : हा तुकडा या दोन संख्यांच्या बाहेर जाणारच नाही, अशी हमी देणारी मर्यादा. दोन तुकड्यांच्या मर्यादांच्या पेट्या एकमेकींना स्पर्शच करत नसतील तर त्यांचा छेद असणे अशक्य, म्हणून ती जोडी कायमची बाद. स्पर्श करत असतील तर तुकडे आणखी लहान करायचे आणि तीच चाचणी पुन्हा लावायची. या रीतीत वेळ लागतो, पण खरा छेद सुटून जात नाही, आणि संगणकाच्या पूर्णांकनाची चूकही त्या मर्यादेतच सामावून घेता येते.

अंतराल-अंकगणित स्वतः त्यांनी शोधले नव्हते, त्याची पायाभरणी साठच्या दशकात झाली होती. भौमितिक प्रक्रियेच्या कामाला ते पद्धतशीरपणे जुंपणे हे त्यांचे योगदान होते. नंतरच्या दशकांत ही विचारसरणी बिनचूक छेद काढण्याचे मान्य साधन झाली. जगात या विषयावर काम करणाऱ्यांना तो निबंध माहीत आहे. मुंबई-पुण्यातल्या यांत्रिकीच्या वर्गांत मात्र कॅडचा इतिहास शिकवताना सदरलँड येतात, कून्स येतात, बेझिए येतात, आणि कुलाब्याच्या परिसरात झालेल्या कामाचे नाव निघत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रींचा मूळ प्रश्न असा की, साच्यात ओतलेला धातू सगळीकडे एकाच वेळी थिजत नाही. जो भाग सगळ्यांत शेवटी थिजतो तिथे आकुंचनाची पोकळी राहते आणि तो नग भंगारात जातो. अशा जागी फीडर लावून वितळलेला धातू पुरवत राहिले तर पोकळी फीडरमध्ये जाते आणि नग चांगला निघतो. शेवटी थिजणारी जागा कोणती, हे पूर्वी अनुभवी मिस्त्री अंदाजाने सांगत आणि अंदाज चुकला तर साचा बदलावा लागे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम भागाच्या घन-प्रतिरूपावरून करणारे ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर विकसित केले. धातू थिजण्याचा क्रम आकाराच्या भूमितीवरून शोधायचा, तिथून उष्ण जागा ठरवायच्या आणि मग फीडर आणि धातूच्या वाटांची रचना सुचवायची, हा त्याचा गाभा आहे. लहान फौंड्रीला परवडेल आणि ज्याने पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नाही अशा अभियंत्यालाही हाताळता येईल, हा आग्रह त्या कामात पहिल्यापासून दिसतो. ई-फौंड्री या त्यांच्या संकेतस्थळावरून ओतकामाच्या डिझाइनचे शिक्षणही मोफत उपलब्ध झाले. आता मला सांगा, अशा कामाचे मोजमाप शोधनिबंधांच्या उल्लेखसंख्येने कसे करणार? त्याचा खरा दाखला भंगारात न गेलेल्या नगांमध्ये आहे आणि तो कोणत्याही सूचीत नोंदला जात नाही.

याच आयआयटीत भरत अडसूळ, मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एखादी घनवस्तू मार्गावरून सरकवत नेली तर तिने व्यापलेल्या जागेची सीमा बिनचूक कशी काढायची, यावर मूलगामी काम केले आहे. वाट वळणावर आली की ही सीमा स्वतःलाच छेदू लागते आणि नेमका तिथेच बहुतेक प्रणालींचा धीर सुटतो. सोहोनी सरांना महाराष्ट्रात लोक पाणी आणि ग्रामीण तंत्रज्ञानाच्या कामामुळे ओळखतात. त्यांचे हे दुसरे काम किती जणांना ठाऊक आहे?

मग पुणे. ज्यांच्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, ते लोक इथे आहेत. गोदरेज उद्योगसमूहातून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने आणि तिच्या मागोमाग इथे आलेल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या कॅड कंपन्यांच्या विकास केंद्रांनी या शहरात तीन पिढ्या घडवल्या. प्रतिरूपाच्या निव्वळ पृष्ठभागांवरून हे भोक आहे, ही खाच आहे, हा खिसा आहे असे ओळखणे, आणि डिझाइन कारखान्यात बनवता येईल की नाही हे आधीच तपासणे, या विषयांत इथे झालेले काम जगभरच्या डिझाइनरांच्या मेजांवर आहे. पण जिओमेट्रिक २०१७ मध्ये एचसीएलमध्ये विलीन झाली आणि नाव गेले. कंपनीचे नाव गेले की तिच्या आत कोणी काय केले याची आठवणही दोन-चार वर्षांत जाते. जे सॉफ्टवेअर उरते त्याच्या खोक्यावर कोणाचे नाव नसते.

या कामाची जात समजावी म्हणून एक साधा प्रश्न मांडतो. एखाद्या ठोकळ्याच्या धारदार कडा गोल करायच्या आहेत. एका कडेची गोलाई सोपी असते. तीन कडा एका कोपऱ्यात मिळतात, तिन्हींच्या गोलाईची त्रिज्या वेगळी आहे आणि त्यांतली एक कडा आतल्या बाजूला वळलेली आहे, असे झाले की त्या कोपऱ्यावर कोणता पृष्ठभाग बसवायचा याचे एकच उत्तर उरत नाही. जो पृष्ठभाग निवडाल तो शेजारच्या तिन्हींना गुळगुळीत मिळाला पाहिजे, आणि एखाद्या शेजाऱ्याला पूर्णच गिळून टाकत असेल तर वस्तूची रचनाच बदलली पाहिजे. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. जमले तर कोपरा गोल होतो, आणि जमले नाही तर ‘फिलेट (म्हणजे कडेची गोलाई) अयशस्वी’ असा संदेश येतो. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी आयुष्याची दहा-बारा वर्षे या कोपऱ्यांच्या नाना प्रकारांवर घालवली. गोपनीयतेच्या करारामुळे त्यांना त्यावर एक पानही प्रसिद्ध करता आले नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात त्यांच्याविषयी ‘शांत स्वभावाचे, वक्तशीर, सर्वांना मदत करणारे’ असे बोलले गेले. ते खरेच तसे होते, पण त्यांनी काय केले ते कोणीच सांगितले नाही.

मानपत्राविषयीचा माझा आग्रह इथून येतो. आपल्याकडे मानपत्र लिहिण्याची एक ठरीव शैली आहे. ‘अथक परिश्रम’, ‘बहुमोल योगदान’, ‘दीपस्तंभ’ हे शब्द आले, शाल-श्रीफळ झाले, छायाचित्र निघाले की सन्मान संपला. सरकारी याद्या याहून कोरड्या असतात. संजय गोविंद धांडे हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि देशात कॅडचे शिक्षण व संशोधन रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा कोणाही मराठी अभियंत्याला आनंदच व्हावा. पण पद्म पुरस्कारांच्या यादीत नाव, राज्य आणि ‘विज्ञान व अभियांत्रिकी’ एवढ्या तीनच नोंदी असतात. त्यावरून एखाद्या विद्यार्थ्याला काय कळणार?

याच्या उलट आरिस्टिडीस रेक्विचा आणि हर्बर्ट व्होल्कर यांच्या सन्मानाकडे पाहा. रॉचेस्टर विद्यापीठातल्या या दोघांना बेझिए पुरस्कार मिळाला. त्यांनी काय केले हे एका वाक्यात सांगता येते : संगणकात साठवलेले वर्णन हे खरोखरच्या घनवस्तूचे वर्णन आहे, असे केव्हा म्हणता येईल, याची त्यांनी काटेकोर व्याख्या दिली. त्यापूर्वी कॅडमध्ये वस्तू म्हणजे रेषांची जाळी असे. एकाच जाळीतून दोन वेगवेगळ्या वस्तू निघू शकत आणि एका वस्तूतून दुसरी वजा केली की कधीकधी जाडी नसलेला एखादा पापुद्रा लोंबत राही. असा पापुद्रा कारखान्यात बनवता येत नाही. रेक्विचा-व्होल्कर यांनी बेरीज-वजाबाकीच्या क्रियाच अशा बांधल्या की उत्तर नेहमी घन यावे. ‘महान योगदान’ या दोन शब्दांपेक्षा हे एक वाक्य त्यांचा कितीतरी मोठा सन्मान करते, आणि ते वाचून विद्यार्थ्याला पुढचा प्रश्नही सुचू शकतो. केंब्रिजच्या इयन ब्रेड, ॲलन ग्रेयर आणि चार्ल्स लँग या तिघांनाही तोच पुरस्कार एकत्र मिळाला. आज ज्या भौमितिक गाभ्यांवर, म्हणजे आकारांचे गणित करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, बहुतेक व्यावसायिक कॅड प्रणाली उभ्या आहेत, ते पॅरासॉलिड आणि एसीआयएस हे गाभे त्यांच्या परंपरेतले आहेत. यांतला खरा कोण, असा प्रश्न तिथल्या समितीने विचारला नाही, कारण ते काम तिघांनी मिळून केलेले होते.

सन्मान चमूला देण्यास आपल्या देशातही आता पूर्वउदाहरण आहे. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत विज्ञानरत्न, विज्ञानश्री आणि विज्ञान युवा यांच्या जोडीला ‘विज्ञान टीम’ असा चौथा प्रकार ठेवला गेला, आणि २०२४ मध्ये तो पहिल्यांदा चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला. कॅडचे सॉफ्टवेअर एकट्याने घडत नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले ओसडॅग पाहा. पोलादी बांधकामाच्या जोडांचे व घटकांचे डिझाइन भारतीय मानक आयएस ८००:२००७ प्रमाणे करणारे हे खुले सॉफ्टवेअर प्राध्यापक, अभियंते आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थी यांच्या पिढ्यांनी मिळून लिहिले आहे. त्यातल्या एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात हार घातला तर बाकीच्यांवर अन्याय होईल, आणि मला वाटते त्या प्राध्यापकालाही ते रुचणार नाही.

आपल्या समितीत यावर जे आक्षेप निघतील त्यांचा मी विचार केला आहे. पहिला असा की शोधनिबंधांचा मार्ग खुला आहेच. कल्याणमय देब यांना २००५ मध्ये आणि जी. के. अनंतसुरेश यांना २०१० मध्ये अभियांत्रिकीचे भटनागर पारितोषिक मिळाले, तेव्हा डिझाइनच्या संशोधनाची दखल घेतली जाते हे सिद्धच आहे. अगदी मान्य. एकाच वेळी अनेक परस्परविरोधी उद्दिष्टे सांभाळणाऱ्या डिझाइनसाठी देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आज जगभर वापरली जाते, आणि सांध्यांऐवजी स्वतःच्या लवचिकतेने हालचाल करणाऱ्या यंत्रणांवरचे अनंतसुरेश यांचे काम तितकेच मोलाचे आहे. पण ही दोन्ही नावे विद्यापीठीय जगातली आहेत. तिथे काम प्रसिद्ध करणे हाच नोकरीचा भाग असतो. जिथे प्रसिद्ध न करणे हा नोकरीचा भाग असतो, तिथल्या लोकांसाठी तो मार्ग खुला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जे गुपित आहे ते तपासायचे कसे? कंपनीने सांगितले म्हणून सन्मान द्यायचा, तर तो जाहिरातीचा भाग होईल. ही भीती रास्त आहे. मला सुचणारी वाट अशी की, नामनिर्देशन कंपनीच्या व्यवस्थापनाकडून अजिबात घेऊ नये. ते सहकाऱ्यांकडून, वापरकर्त्यांकडून किंवा प्रतिस्पर्धी कंपनीतल्या तज्ज्ञांकडून यावे. कॅडचे एक बरे असते, निकाल उघड असतो. गोपनीय असतो तो आतला मजकूर. एखादी प्रणाली कोणत्या अवघड उदाहरणांवर टिकते आणि कोणत्या उदाहरणांवर कोसळते, हे बाहेरून तपासता येते. समितीने अशा उदाहरणांचा एक संच तयार करावा, तज्ज्ञांनी तो चालवून पाहावा आणि एकस्वे (पेटंट), अंतर्गत तांत्रिक टिपणे व सहकाऱ्यांच्या साक्षी गोपनीयतेची हमी देऊन वाचाव्यात. ज्या कामाची गोपनीयतेची मुदत उलटून गेली आहे, ते प्रसिद्ध करण्याची परवानगी अकादमीने आपल्या वजनाने कंपन्यांकडे मागावी. एका व्यक्तीने मागितली तर ती मिळत नाही, हे मी पाहिले आहे. अकादमीने मागितली तर नाही म्हणणे कंपनीला जड जाईल.

खुल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर तपासण्याचा प्रश्नच नाही, प्रत्येक ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद असते. फ्रीकॅड या खुल्या प्रणालीत वर्षानुवर्षे एक दुखणे होते. प्रतिरूपात मागे जाऊन काही बदलले की पृष्ठभागांची आणि कडांची अंतर्गत नावे बदलत आणि पुढची सगळी रचना चुकीच्या कडांना चिकटे. त्यावरचा उपाय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत समाविष्ट झाला आणि तो ज्यांच्या कामातून आला त्यांचा माग जाहीर नोंदींत सापडतो. असे काम करणारे भारतीय असतील तर त्यांच्याकडे पदवी कोणती आणि नोकरी कुठे, हे विचारण्याचे कारण नसावे.

सन्मानाची रक्कम किती असावी यावर मला मत नाही. नावाबाबत मात्र आहे : तो कोणत्याही कंपनीच्या, प्रायोजकाच्या किंवा हयात व्यक्तीच्या नावाने नसावा. वयाची अट घालू नये. फक्त ज्येष्ठांना द्यायचा ठरवले तर तो निवृत्तीचा सोहळा होऊन बसेल, आणि फक्त तरुणांना द्यायचा ठरवले तर ज्यांचे काम इतकी वर्षे झाकलेले राहिले ते कायमचे बाहेर पडतील. समितीवर प्रत्यक्ष कारखान्यात साचे किंवा भाग बनवणारी निदान एक व्यक्ती असावी. डिझाइन चांगले की वाईट हे शेवटी तिच्या हातात पडल्यावर कळते, आणि ती व्यक्ती आपल्या समित्यांवर मला क्वचितच दिसली आहे.

मानकऱ्याने सन्मान स्वीकारताना आपल्या कामावर तासभराचे तांत्रिक व्याख्यान द्यावे, ही अट मात्र जरूर घालावी. त्याचे ध्वनिचित्रमुद्रण आणि मानपत्राचा मजकूर भारतीय भाषांत उपलब्ध करावा. मराठीतल्या मजकुराचे काम करायला पुण्या-मुंबईत माणसे मिळतील आणि आपण सांगितलेत तर त्यांत मीही आहे. पहिल्या वर्षासाठी विचार करायचा असेल, तर मुदूर आणि कोपरकर यांच्या १९८४ च्या कामापासून सुरुवात करावी आणि त्याच वर्षी दुसरा सन्मान उद्योगातल्या, आजवर एकही निबंध नावावर नसलेल्या एखाद्या चमूला द्यावा, असे मी सुचवतो. पहिल्याच वर्षी दोन्ही दारे उघडली, तर नंतर त्यांतले एक बंद करणे कोणालाही सोपे जाणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक निवृत्त कॅड अभियंता